छातीला न टेकलेला बार

काटेवाल्याने तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका बेकरीच्या मागच्या खोलीत. तो तिथला वजनकाटा तपासायला गेला होता आणि काटा पिठाच्या पोत्यांमागे पार गाडला गेला होता. मालक "अरे, कुणीतरी पोती हलवा!" म्हणून ओरडत होता आणि कामकरी एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. तेवढ्यात पीठ मळायच्या यंत्रापाशी उभी असलेली एक मुलगी हात पुसत आली. तिने एक पोतं कमरेला टेकवलं, दुसरं बगलेत मारलं आणि पलीकडच्या भिंतीशी नेऊन ठेवलं.

"ताई, जपून," काटेवाला म्हणाला.

पुढे त्यांचं लग्न झालं तरी या शब्दावरून ती त्याला छळायची थांबली नाही. "मुलीशी बोलायला तोंड उघडलं, आणि पहिला शब्द काय काढला, तर ताई!"

काटेवाला हे काही त्याचं आडनाव नव्हतं. दुकानांतले, दवाखान्यांतले, गोदामांतले काटे तो दुरुस्त करी. मखमलीच्या खणांत बसवलेली पितळी वजनं एका लाकडी पेटीत घेऊन फिरे आणि त्यांना कधी उघड्या बोटांनी हात लावत नसे. घामानेसुद्धा वजन बिघडतं, असं त्याचं म्हणणं. माणूस मऊ होता, पण एका बाबतीत कडक. पारड्यात जेवढं आहे तेवढंच काट्याने दाखवलं पाहिजे. दुकानदाराचा अंगठा पारड्याला हळूच टेकला की त्याला तो रस्त्याच्या पलीकडून दिसे.

त्याच्या या कडकपणामुळेच ती व्यायामशाळेत पोचली, हे त्याला नंतर कबूल करावं लागलं. टायरच्या दुकानाखाली तळघरात एक जुनी जिम होती. ती चालवणारे गृहस्थ, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांना संशय होता की आपल्या लोखंडी प्लेटा त्यांच्यावर छापलेल्या वजनाच्या नाहीत. काटेवाला त्या तपासायला गेला. बाजारात जायचं होतं म्हणून बायकोही बरोबर होती. नवऱ्याने एकेक प्लेट काट्यावर ठेवायची, मास्तरांनी "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हणायचं, असं बराच वेळ चाललं आणि ती कंटाळली. कोपऱ्यातल्या बाकावरच्या लोखंडी बारकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हे मी उचललं तर चालेल का?"

"वहिनी, हात लावायला कोण नाही म्हणतंय?" मास्तर हसून म्हणाले.

ती बाकावर उताणी झाली, बार छातीपर्यंत आणला आणि वर नेला. मास्तर हसायचे थांबले. काटेवाल्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, त्या बारवरच्या दोन प्लेटांचं पुन्हा वजन करा बरं."

प्लेटा बरोबर निघाल्या. त्या दिवसापासून ती साऱ्या जिमची वहिनी झाली.

पुढची दहाएक वर्षं ती अंगातल्या साध्या टीशर्टवर बेंच प्रेस करी. मनगटाला पट्टी, कमरेला पट्टा, बाकी काही नाही. सत्तर किलोपर्यंत गेली. काटेवाल्याला तिचा अभिमान होता, आणि तो त्याच्या पद्धतीचा होता. कुणी विचारलं तर तो आकडा सांगे आणि वर म्हणे, "प्लेटा मी स्वतः तपासल्यात."

मग खांदा गेला. तोही जिममध्ये नव्हे, बेकरीत. भट्टीतून तव्यांची गाडी ओढताना तिचं चाक अडकलं, हिने हिसका दिला, आणि चाकाऐवजी डावा खांदा सुटला. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून दाखवलं. "हे तंतू फाटलेत. बार छातीशी आला की सगळा ताण नेमका इथे येतो. हात सरळ असताना काही नाही. खाली आल्यावरच."

"म्हणजे वर चालेल?" तिने विचारलं.

"बाई, वर जायला आधी खाली यावं लागतं ना!"

काटेवाला मनातून सुटकेचा श्वास सोडत होता. आता पुरे झालं, पन्नाशी आली, असं काहीसं बोलायची त्याने तयारीही केली होती. तेवढ्यात मास्तरांनी तो शर्ट आणला.

शर्ट म्हणायचा आपला म्हणून. ताडपत्रीसारखं जाड, ताठ कापड, मापाने इतका लहान की पाहणाऱ्याला वाटावं, धुताना आटला. बाह्या समोरच्या बाजूला शिवलेल्या. हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून दोघांनी दोन बाजूंनी बाही वर सरकवायची, तिसऱ्याने पाठीमागून ओढायचं, तेव्हा कुठे माणूस आत जाणार. आणि एकदा गेला की दोन्ही हात झोपेत चालणाऱ्यासारखे समोर ताठ. पहिल्या दिवशी तिच्या नाकाला खाज सुटली आणि ती खाजवायला जिममधल्या नर्सबाईंना बोलवावं लागलं. नर्सबाई म्हणजे इस्पितळातली पाळी संपवून येणारी एक तरुण मुलगी. स्वतः शर्टाच्या वाटेला न जाणारी. "मला नाही हा ताप झेपत, वहिनी. मी आपली टीशर्टवालीच बरी," ती वहिनींचं नाक खाजवत म्हणाली. "डावीकडे की उजवीकडे?"

काटेवाल्याने हे सगळं पाहिलं आणि तिच्याबरोबर घरी आला. चहा पुढ्यात आला तेव्हा म्हणाला, "हा अंगठा झाला."

"कसला अंगठा?"

"पारड्याला लावलेला. बार खाली आला की ते कापड ताणतं आणि तेच उलट रेटतं. मास्तरांनीच सांगितलं. मग उचललं कुणी? तू की कापडाने?"

"तुम्ही चष्मा लावून पेपर वाचता तो कोण वाचतं? काच?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? खाली जिथं माझं फाटलंय, तिथं कापड धरतं. वर माझं मीच करायचं असतं." तिने त्याच्या कपात साखर टाकली, ढवळली. "आणि खरं सांगू? ते वजन हातात आल्यावर जे वाटतं ना, ते मला हवंय. टीशर्टवर आता पन्नासलाच डोळ्यांपुढे काजवे चमकतात. शर्टात नव्वद हातात येतं. एवढं जड माझ्या हाडांनी कधी धरलंच नव्हतं. सगळं अंग जागं होतं. शिवाय..." ती थांबली.

"शिवाय काय?"

"बेकरीत इतकी वर्षं मी एकटीने उचललं. मला कुणी विचारलंच नाही, की तुला हात देऊ का. शर्ट एकटीला घालताच येत नाही. तिघं लागतात. मला आवडतं ते."

त्याने अट घातली. माणसाला उत्तर सुचलं नाही की तो अट घालतो. "एक स्पर्धा बघू. तीन संधींत एक जरी बरोबर गेली तर माझं काही म्हणणं नाही. तिन्ही गेल्या तर बार कायमचा बंद. खांद्यासाठी."

तिने कपाकडे बघत मान हलवली. एकदा मान हलवल्यावर ती फिरवणाऱ्यांतली ती नव्हती, हे त्याला ठाऊक होतं.

तयारीच्या महिन्यांत तो तळघरात क्वचितच उतरे. उतरला तेव्हा त्याला एकच गोष्ट दिसे: तिच्या छातीवर नर्सबाई लाकडी फळी धरून बसलेली, आणि बार त्या फळीला टेकून वर जातोय. खांद्याला जपण्यासाठी बार खालपर्यंत येऊ देत नाहीत, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं आणि कुणाला विचारलं नाही.

स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात होती. मंचावर बाक, तीन बाजूंना तीन पंच, प्रत्येकापुढे दोन दिव्यांची बटणं, बरोबरला पांढरा आणि चुकीला लाल. नियम तसे सोपे. बार छातीला टेकला पाहिजे, तिथे थांबला पाहिजे, पंचाने "प्रेस" म्हटल्यावर वर गेला पाहिजे, आणि "रॅक" म्हटल्यावरच बाकाच्या घोड्यांवर परत ठेवला पाहिजे. संधी तीन. एकदा सांगितलेलं वजन पुढच्या संधीला वाढवता येतं, कमी करता येत नाही.

मागच्या वर्गखोलीत तिला शर्ट चढवणं चाललं होतं. बाही दंडावरून सरकताना कातडी चिमटली, आणि ती कधी न करणारी गोष्ट तिने केली; डोळे मिटून "आई गं" म्हणाली.

"भाऊ, जरा टेबलावर जाऊन पहिलं वजन सांगून या," मास्तर घामाघूम होत म्हणाले. "पंच्याण्णव."

टेबलापर्यंतचा बोळ लांब होता. त्या बोळात काटेवाल्याने हिशेब केला, आणि कुणीही सरळ माणूस करील तोच केला. आज फळी नाही. बार थेट छातीपर्यंत येणार, जिथे फाटलंय तिथपर्यंत. मग तिथे भार जितका कमी तितकं बरं. पहिली संधी हलकी, निर्धोक. एकदा पांढरे दिवे लागले की झालं.

"पंच्याऐंशी," तो टेबलावर म्हणाला.

नाव पुकारलं गेलं, ध्वनिक्षेपक खरखरला आणि त्यातून आकडा ऐकू आला. मास्तरांनी मान फिरवून काटेवाल्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. काहीतरी हातून पडताना बघावं, तसं ते बघणं होतं. पण प्लेटा चढल्या होत्या, घड्याळ सुरू झालं होतं. मास्तरांनी बार उचलून तिच्या हातात दिला. तो हातात येताच तिच्या कपाळावर आठी पडली.

"स्टार्ट!"

बार खाली येऊ लागला. अर्ध्यावर आला, आणखी आला, आणि छातीच्या दोन बोटं वर थांबला. ती ओढत होती. दंड थरथरत होते, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, चेहरा लालभडक झाला होता, आणि बार खाली येत नव्हता. काटेवाल्याचा सारा जन्म वजनांत गेला होता. वजन खाली येत नाही, हे तो पहिल्यांदा बघत होता. ताठ कापडाने बार अधांतरी धरून ठेवला होता. कापडाला वाकवायला पंच्याऐंशी किलो पुरत नव्हते.

मागे कुणीतरी हसलं. तिने एकदा शेवटचं ओढलं, मग बार तसाच वर नेला. तीन लाल.

"किती होतं?" मंचावरून खाली उतरता उतरता तिने विचारलं. ध्वनिक्षेपकाच्या खरखरीत तिला आकडा कळला नव्हता. हात समोर ताठ.

"पंच्याऐंशी," काटेवाला म्हणाला.

"वहिनी, यात तुमची काही चूक नाही," मास्तर घाईघाईने म्हणाले. "भाऊ, अहो, नव्वदच्या खाली या शर्टात बार छातीला टेकतच नाही! फळी कशाला लावत होतो मग आम्ही?"

"मला वाटलं, खांद्यासाठी."

ती त्याच्याकडे वळली. "अहो, घाबरून केलंत, की मुद्दाम?"

"घाबरून," तो म्हणाला. आणि मग, खोटं वजन त्याला सहन होत नसे म्हणून, "थोडं दुसरंही असेल."

दुसरं वजन सांगायला मिनिटभरच मिळतं. मास्तर स्वतः पळत जाऊन पंच्याण्णव सांगून आले.

दुसऱ्या संधीला बार खाली आला. पण पहिल्या झटापटीत तिची अर्धी ताकद संपली होती, आणि बोटं शर्टाच्या आवळण्याने बधिर झाली होती. छातीला टेकवण्यासाठी तिने जोर केला तसा बार रुळावरून घसरल्यासारखा तोंडाच्या दिशेने झुकला. दोन्ही बाजूंच्या माणसांनी झेप घेऊन तो धरला, तेव्हा तो तिच्या हनुवटीच्या इतका जवळ होता की सभागृहातल्या सगळ्यांनी एकदमच श्वास घेतला. तीन लाल.

काटेवाला मंचाच्या पायरीशी उभा होता. मग तो तिच्यामागे गेला.

वर्गखोलीत ती लहान मुलांच्या बाकावर बसली. नर्सबाई तिच्या शर्टाचा गळा ओढून नीट बसवत होती. मास्तर म्हणाले, "वहिनी, राहू द्या आता. खांदा महत्त्वाचा. पुढच्या वर्षी बघू."

"पुढचं वर्ष नाही, मास्तर. यांना माहीत आहे." तिने काटेवाल्याकडे हनुवटीने खूण केली, कारण हाताने करता येत नव्हती. "साडेसत्त्याण्णव सांगून या."

"अगं, दोनदा पडलंय! पंच्याण्णव पडलंय!" काटेवाला म्हणाला.

"पंच्याण्णवला मला खेचावं लागतं, म्हणून बार पळतो. साडेसत्त्याण्णव स्वतःच्या भाराने बसेल. तुमच्या काट्याला नाही का, हलकं वजन ठेवलं की काटा नाचत राहतो?" ती दम घ्यायला थांबली. "आणि बार माझ्या हातात तुम्ही द्या. मास्तर बार सोडताना वरून रेटतात. राग मानू नका, मास्तर."

"छे, छे," मास्तर म्हणाले. "भाऊंनी द्यावा."

"मी?" काटेवाला म्हणाला. "मी आजवर कधी..."

"पितळी वजन ठेवता तसा द्यायचा. बाकी काही नाही. जा, मिनिट संपेल."

तो बोळातून अक्षरशः धावला. टेबलावरच्या बाईंनी मान वर केली. "साडेसत्त्याण्णव? वाढवायचं आहे? नक्की?"

जे जड ते धोक्याचं, हे त्याला शिकवावं लागलं नव्हतं. ते सगळ्यांनाच उपजत कळतं. त्याच्या सगळ्या अंगातून 'नको' येत होतं आणि आकडा खाली उतरवायला वाट नव्हती.

"नक्की," तो म्हणाला.

मंचावर तो तिच्या डोक्यामागे उभा राहिला. तिथून तिचा चेहरा उलटा दिसत होता, ओळखीचा आणि परका. तिने तीन आकडे मोजले. त्याने बार उचलला, घोड्यांवरून बाहेर काढला, तिच्या सरळ हातांवर आणला, आणि सोडायच्या आधी क्षणभर थांबला. त्या क्षणी ते त्याच्या बोटांना कळलं. शर्टाचं कापड खांद्यापाशी ढिलं होतं, सुरकुतलं होतं. वर, हात सरळ असताना, कापड काहीही करत नव्हतं. त्याच्या बोटांतून जे उतरत होतं ते सगळंच्या सगळं तिच्या मनगटांवर, कोपरांवर, हाडांवर जात होतं. साडेसत्त्याण्णव, एक ग्रॅमही कमी नाही.

त्याने बोटं एकेक करून काढली आणि मागे सरला.

"स्टार्ट!"

बार उतरू लागला. सावकाश, सरळ. छातीच्या दोन बोटं वर पुन्हा थांबला. काटेवाल्याने श्वास धरला. तिने पोट थोडं वर घेतलं, छाती फुगवली, आणि बार बसला. टेकला, स्थिर झाला. पंच बघत होता. किती वेळ बघत होता!

"प्रेस!"

छातीवरून बार उसळला. अर्ध्यापर्यंत झपकन गेला, आणि जिथे कापडाचं काम संपतं आणि हातांचं सुरू होतं तिथे मंदावला. उजवं कोपर सरळ होत आलं, डावं मागे राहिलं. बार तिरका झाला. काटेवाल्याने एक पाऊल पुढे टाकलं. त्याचं बोट जरी बारला लागलं असतं तरी ती संधी बाद होती, आणि त्याचे हात आपोआप पुढे गेले होते. त्याने ते मागे घेतले आणि पाठीमागे एकमेकांत गच्च धरले. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा तो उभा राहिला.

"वर! वहिनी, वर!" नर्सबाई किंचाळत होती.

डावं कोपर थरथरलं, थांबलं, पुन्हा थरथरलं. आणि सरळ झालं.

"रॅक!"

दिवे एकदम लागले. पांढरा. लाल. पांढरा. एका पंचाला तिचं कोपर पुरतं सरळ झालेलं दिसलं नव्हतं. दोघांना दिसलं होतं, आणि दोन पुरतात.

मास्तरांनी काटेवाल्याला मिठी मारली, नर्सबाईंनी मास्तरांना. जिला मारायला हवी होती तिला कुणालाच मारता येईना, कारण तिचे हात समोर ताठ होते. "आधी हे काढा," ती धापा टाकत म्हणाली. "मग काय कौतुक करायचं ते करा."

वर्गखोलीत डावी बाही काटेवाल्याने ओढली. बाही निघाली तेव्हा दंडावर शिवणीचे लाल वळ उमटलेले दिसले.

"आता बोला," ती म्हणाली. "ते दुसरं काय होतं?"

मास्तर आणि नर्सबाई शर्टाची घडी घालायच्या निमित्ताने दाराकडे गेले.

"वाटलं होतं," तो खाली बघत म्हणाला, "की तिन्ही गेल्या, तर घरी बसशील. दुखणार नाही तुला. मी ठरवून नाही केलं. पण वाटलं होतं."

"आणि आता?"

"आता पुढच्या वेळेला टेबलावर मास्तरांना पाठव."

ती हसायला लागली आणि हसताना खांदा दुखला म्हणून "आई गं" म्हणाली. या वेळी त्याने तिथे हात ठेवला आणि काही अट घातली नाही.

याला आता चार वर्षं झाली. वहिनी बेकरीत भट्टीपाशी नसते, पुढे गल्ल्यावर बसते. बेंच प्रेस करते ती शर्टातच. शर्टाशिवाय फक्त रिकामा बार घेते. डावा हात अजून डोक्याच्या वर पुरता जात नाही, त्यामुळे घरात वरच्या फळीवरचे डबे काटेवालाच काढून देतो.